नऊ-दहा कॉम्प्युटरच्या ऑफिससाठी फाइल सर्व्हर कोणता घ्यावा?

तुमचं ऑफिस शाहूपुरीत, वर्कशॉप शिरोली एमआयडीसीत. नऊ कॉम्प्युटर, टॅली, ऑटोकॅडची ड्रॉइंग्ज, आणि सगळं एका जुन्या पीसीच्या शेअर फोल्डरमध्ये. विक्रेत्याने विंडोज सर्व्हरसकट टॉवर सर्व्हरचं कोटेशन दिलंय आणि ते घ्यावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

माझं मत, घेऊ नका. दोन डिस्कचा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडून सगळ्यांच्या फाइली ठेवायचा डबा, घ्या आणि वाचलेले पैसे बॅकअपवर घाला. मी कोल्हापुरात लहान ऑफिसांची नेटवर्किंगची कामं करतो. मशीन कुठलं घ्यावं यावर लोक महिनाभर चर्चा करतात, पण दुसरी कॉपी कुठे ठेवायची हे विचारलं की गप्प होतात. आपल्या गावात तर आधी तेच ठरवायला हवं.

विंडोज सर्व्हर वाईट नाही. पण त्याच्या स्टँडर्ड आवृत्तीत मूळ लायसन्सखेरीज प्रत्येक माणसामागे किंवा मशीनमागे कॅल (सर्व्हर वापरण्याचा वेगळा परवाना) घ्यावं लागतं, आणि अपडेट, युजर, पॉलिसी बघणारा माणूस लागतो. तो तुमच्याकडे नाही. नुसत्या फाइली ठेवायच्या असतील तर सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपचा दोन खणांचा नॅस पुरे. ब्राउझरमधून चालवता येतो, वीजही कमी खातो. जुनाच पीसी पुढे वापरायचा म्हणाल तर विंडोज प्रोवर एका वेळी 20 कनेक्शनची मर्यादा आहे, ती तुम्हाला आड येणार नाही. अडचण आहे ती त्यातल्या एकाच म्हाताऱ्या डिस्कची.

डिस्क नॅससाठीच बनवलेल्या घ्या, सीगेट आयर्नवुल्फ किंवा डब्ल्यूडी रेड प्लस. नुसतं ‘डब्ल्यूडी रेड’ लिहिलेलं कोटेशन आलं तर थांबा. त्या मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिण्याच्या) पद्धतीच्या असल्याचं 2020 मध्ये उघड झालं, आणि एक डिस्क बदलल्यावर तिच्यावर डेटा पुन्हा जुळवताना त्या फार रखडतात. चार टीबीच्या दोन डिस्क RAID 1 मध्ये, म्हणजे एकीवरचं सगळं दुसरीवरही लिहिलं जाईल अशा, लावल्या की जागा चारच टीबीची मिळते, पण एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही.

मात्र RAID म्हणजे बॅकअप नव्हे. कुणी ‘जुनी ड्रॉइंग्ज’ फोल्डर चुकून उडवलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतं. रॅन्समवेअरने (खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) फाइली लॉक केल्या तर दोन्हीकडे लॉक होतात. म्हणून स्नॅपशॉटची (ठरावीक वेळी फाइलींची स्थिती जपून ठेवण्याची) सोय असलेलंच मॉडेल घ्या. सकाळी दहाला उडालेली फाइल नऊच्या स्नॅपशॉटमधून दोन मिनिटांत परत काढता येते.

आणि घरून फाइली बघायच्या म्हणून राउटरवर पोर्ट उघडून नॅस थेट इंटरनेटवर ठेवू नका. 2021 चं क्यूलॉकर आणि 2022 चं डेडबोल्ट हे रॅन्समवेअर अशाच उघड्या ठेवलेल्या नॅसवर तुटून पडलं होतं. बाहेरून यायचं तर व्हीपीएनमधूनच (इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी वाटेनेच) या.

आता पुराचं. 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै तुम्हाला सांगायला नको. टेबलाखाली जमिनीवर ठेवलेला सीपीयू आणि त्याच्या शेजारचा यूपीएस, हीच आपल्याकडच्या निम्म्या ऑफिसांची सर्व्हर रूम असते. नॅस छातीच्या उंचीवर भिंतीच्या ब्रॅकेटवर बसवा. दुसरी कॉपी शिरोलीच्या वर्कशॉपमध्ये ठेवू, असं मनात येईल. पण दोन्ही वेळा महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि वाहतूक बंद पडली. डिस्क सुरक्षित राहील, पण ऐन वेळी हाताला लागणार नाही. त्यापेक्षा दोन यूएसबी डिस्क आलटूनपालटून वापरा. एक नॅसला जोडलेली, दुसरी पुराचं पाणी न येणाऱ्या भागातल्या कुणाच्या तरी घरी, आणि दर शनिवारी अदलाबदल. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याच्या 39 फुटांवर गेली की ऑफिसातली डिस्कही उचलायची. 43 ची, म्हणजे धोक्याची, वाट बघायची नाही. हे काम कुणाचं ते नावानिशी ठरवून भिंतीवर लिहून लावा. शिवाय टॅलीचा बॅकअप आणि चालू ड्रॉइंग्ज रोज रात्री क्लाउडवर जाऊ द्या.

तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर इलेक्ट्रॉनिक हिशोबाचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं नियमानेच बंधनकारक आहे, तेव्हा क्लाउड घेताना डेटा सेंटर भारतातलं निवडा. कंपनीची हिशोबाची पुस्तकं 8 वर्षं जपायची असतात. प्रोप्रायटरशिप असली तरी जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने ठेवावी लागतात. डिस्कची जागा त्या हिशोबाने धरा.

टॅलीचा चालू डेटा मी नॅसवर ठेवत नाही. अकाउंटंटच्या, वायरने जोडलेल्या चांगल्या एसएसडीच्या पीसीवरच राहू द्यावा आणि रात्री नॅसवर कॉपी व्हावा. एंट्री सेव्ह होताना वायफाय तुटलं तर डेटा खराब होऊ शकतो, म्हणून टॅलीचं एकही मशीन वायफायवर नको.

खरेदीआधी एक गोष्ट तपासा. प्रत्येक पीसीवर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा, 1000 दिसायला हवा. केबलच्या चार जोड्यांपैकी एखादी टोकाला कनेक्टर लावताना नीट बसली नसेल किंवा उंदराने कुरतडली असेल तर तो गुपचूप 100 वर उतरतो. मग 500 एमबीचं असेंब्लीचं ड्रॉइंग उघडायला पाच सेकंदांऐवजी पाऊण मिनिट लागतं आणि सगळे सर्व्हरला शिव्या घालतात. कॅट 6 केबल, गिगाबिट स्विच आणि नॅसला यूएसबीने जोडलेला यूपीएस कोटेशनमध्ये वेगळा लिहून घ्या. यूएसबी जोडली की वीज गेल्यावर बॅटरी संपायच्या आत नॅस आपोआप नीट बंद होतो.

तुमच्या टॅलीचा डेटा आणि ड्रॉइंग्ज मिळून किती जीबी होतात ते कळवलंत, तर क्लाउडचा कुठला प्लॅन पुरेल ते सांगतो.