बिनकाटेरी ब्लॅकबेरी घेण्याआधी

ताई, कॅटलॉगमधला फोटो बघून नवाहो मागवायची घाई करू नका. जात चांगलीच आहे, गोड आहे, पण तिला फळण्याआधी ८०० ते ९०० तास थंडी लागते, साधारण ७ अंशांच्या खालची. आपल्या सांताक्रूझचा आजवरचा नीचांकच ७.४ अंशांचा, तोही १९६२ सालचा! वॉशिटा या दुसऱ्या बिनकाटेरी जातीला त्याहून कमी तास पुरतात. आपल्याकडे तेही कुठून आणणार? पानं भरपूर येतील, फळाची वाट बघत बसाल.

म्हणून मुंबईत घ्यायचीच तर त्याच वर्षीच्या नव्या फांदीवर फळणारी घ्या. बिनकाटेरीत आर्कान्सा विद्यापीठाची 'प्राइम-आर्क फ्रीडम' तशी आहे. नव्या फांदीवरच्या बहराला थंडीची अट नाही. अडचण उन्हाची. फुलोऱ्यात पारा ३० च्या वर राहिला की फळधारणा घसरते, दाणे अर्धवट भरतात. त्यामुळे छाटणी आणि शेंडे खुडणं असं बेता की फुलं डिसेंबर-जानेवारीत येतील. तरीही पीक थोडंच येईल, हे मनाशी धरा.

एकच रोप पुरतं, परागीभवनाला जोडीदार लागत नाही. कुंडी मोठी घ्या, माती किंचित आम्ल ठेवा. पावसाळ्यात मात्र निचरा रोज बघा, मुळं पाण्यात राहिली तर रोप हातचं गेलंच.

आणि घरात लहान मुलं आहेत म्हणालात ना? मग शेजारच्या कुंडीत तुतीची एक काडीही खोचा. तिला काटे नाहीत, थंडीचे नखरे नाहीत, आणि छाटली की पुन्हा फळते.