चकतीभोवती जंतू मरतो, मग इंजेक्शन का नाही?

प्रश्न : माझ्या भाच्याला टायफॉइड झालाय. कल्चरमध्ये (रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या चाचणीत) साल्मोनेला टायफी हा जंतू आला. प्लेटवर जेंटामायसिन या इंजेक्शनच्या प्रतिजैविकाची कागदी चकती ठेवली, तिच्याभोवती तो वाढला नाही, तरी डॉक्टर ते देत नाहीत. सेफ्ट्रायॅक्सोन या दुसऱ्या प्रतिजैविकाचे ३ दिवस झाले, ताप आहेच. औषध चुकलं का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : जेंटामायसिन न देणं अगदी बरोबर आहे. प्लेटवर जंतू उघडा असतो, शरीरात तो आपल्याच पेशींत दडतो. आतड्याची भिंत ओलांडली की मॅक्रोफेज ही भक्षक पेशी त्याला गिळते. आत तो पातळ पटलाच्या कप्प्यात असतो. कप्प्याचा पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५ च्या आसपास उतरतो. हे आम्ल त्याला मारण्यासाठी असतं, पण साल्मोनेला त्यालाच इशारा समजतो. तो सुईसारखी यंत्रणा उभारून पटलातून स्वतःची प्रथिनं पेशीत सोडतो आणि पचनाचा मारा बोथट करतो. मग तिथेच लांबतो, मधोमध आडवी भिंत घालतो आणि एकाचे दोन होतात.

या भिंतीची गोष्ट फार महत्त्वाची आहे. टायफीच्या जवळच्या नात्यातल्या टायफीम्युरियममध्ये आम्लात ही भिंत घालायला वेगळं एन्झाइम असतं. सेफ्ट्रायॅक्सोन भिंत बांधणाऱ्या एन्झाइमलाच पकडून जंतू मारतं, पण या वेगळ्या एन्झाइमला ते नीट पकडत नाही. काही जंतू तर विभाजन थांबवून नुसते पडून राहतात. भिंत बांधणं बंद, तर भिंतीवर घाव घालणारं औषध काय करणार?

जेंटामायसिनची अडचण निराळी. त्याचा रेणू विद्युतभारित, पाण्यात विरघळणारा. पेशीचं पटल तो सहज ओलांडत नाही. थोडाफार आत गेलाच, तर आम्लात निष्प्रभ होतो. ॲझिथ्रोमायसिन हे आणखी एक प्रतिजैविक उलट पेशींतच साठतं.

सेफ्ट्रायॅक्सोन लागू पडत असतानाही ताप ५ ते ७ दिवस रेंगाळू शकतो, त्यामुळे तिसऱ्या दिवशी औषध बदलायची घाई नको. पोटात अचानक तीव्र कळ आली किंवा शौच काळी झाली, तर मात्र तडक रुग्णालय गाठा. आतड्यातून रक्तस्राव होत असेल किंवा त्याला छिद्र पडलं असेल. ताप गेला तरी कोर्स पूर्ण करा. आजार उलटतो तो बहुधा २-३ आठवड्यांनी.

कल्चर मात्र प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसाआधीच घ्यावं, मोठ्या माणसाचं एका बाटलीत ८ ते १० मिली. रक्तात मिलीमागे बहुधा एखादाच जंतू असतो, तोही अनेकदा पेशीत. २ मिलीत तो हुकतो.