दोन ऑफर हातात आहेत, सही करायच्या आधी हे वाच

झिला,

तुझा रात्रीचा व्हॉइस मेसेज ऐकला. मागे तुझ्या आईचा आवाज पण येत होता, 'सरांका विचार, सरांका विचार'. तर विचारलंस म्हणून सांगतो, माझं मत गोवा. मोठ्या शहरातल्या आयएसएल (इंडियन सुपर लीग, देशातली वरची फुटबॉल लीग) क्लबच्या रिझर्व्ह टीमची तीन वर्षांची ऑफर एकीकडे, गोव्यातल्या छोट्या फुटबॉल क्लबची एका सीझनची दुसरीकडे, पैसे पहिल्यात जवळजवळ दुप्पट, आणि तरी मी गोवा म्हणतोय. लगेच फोन करू नकोस, आधी सगळं वाच. फोनवर माझं नीट सांगून होत नाही आणि पावसात रेंज पण जाते.

तू स्ट्रायकर आहेस, सगळं इथूनच सुरू होतं. गोलकीपर किंवा स्टॉपर (मधला डिफेंडर) असतास तर कदाचित वेगळं बोललो असतो. आयएसएलमध्ये 2021-22 च्या सीझनपासून मैदानावर एकावेळी चार परदेशी असा नियम आहे, त्याआधी पाच होते, आणि कुठल्याही कोचला विचार, त्या चारातला एक तरी तो नऊ नंबरला, म्हणजे मधल्या स्ट्रायकरच्या जागेवरच लावतो. चुकीचं म्हणत नाही मी, त्याची नोकरी गोलवर चालते. पण त्यामुळे होतं काय, आपल्याकडचा चांगला नऊ नंबर एकतर बाकावर बसतो नाहीतर विंगवर ढकलला जातो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव बघ, 2017 चा अंडर-17 वर्ल्ड कप दिल्लीत खेळला, तेव्हा फॉरवर्ड होता, पुढे आयएसएलमध्ये बहुतेक विंगवरच दिसला. चांगला खेळला, प्रश्न तो नाहीच. प्रश्न हा आहे की देशात सुनील छेत्रीनंतर कोण म्हणून सगळे वर्षानुवर्षं ओरडतायत आणि नऊ नंबरला पोरांना खेळवायला कोणी तयार नाही. छेत्रीने 2005 मध्ये क्वेट्ट्याला पाकिस्तानविरुद्ध पहिली इंटरनॅशनल मॅच खेळली आणि त्यातच गोल मारला, 2024 मध्ये रिटायर झाला, आणि 2025 मध्ये त्याला परत बोलवावं लागलं, तोवर चाळिशी ओलांडली होती त्याने! यावरून काय ते समज.

म्हणून म्हणतो, जिथे तू नऊ नंबरला दर आठवड्याला खेळशील तिथे जा. रिझर्व्ह टीममध्ये काय होईल ते मला आत्ताच दिसतंय, रिझर्व्ह टीमच्या डेव्हलपमेंट लीगमध्ये पोरं बहुतेक एकवीसच्या आतली, पोरांनी पोरांशी खेळायचं, सगळे छान पळतात, सगळे छान पास देतात. गोव्याच्या लीगमध्ये तुला पस्तिशीचा स्टॉपर भेटेल, पोट सुटलेला, तुझ्या निम्म्या स्पीडचा, आणि तो तुला पहिल्या हाफमध्ये बॉलला हात लावू देणार नाही (म्हणजे पाय). कॉर्नरच्या वेळी रेफरी बघत नसताना कोपर कुठे बसतं, जर्सी कशी धरायची की फाऊल दिसत नाही, हे सगळं तो तुला फुकट शिकवेल. दुसऱ्या राउंडला तोच स्टॉपर समोर येईल तेव्हा बघ तू काय करतोस.

इंग्लंडच्या स्ट्रायकर हॅरी केनचं नाव घेतोस ना सारखं, त्याला टॉटनहॅम क्लबने आधी कुठे कुठे पाठवला माहितीये का? लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉरिच, लेस्टर. चार क्लब लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना. नॉर्वेच्या स्ट्रायकर हालांडचं तर अजून भारी, ब्रिन नावाच्या गावच्या क्लबकडून सीनियर टीमसाठी 16 मॅच खेळला आणि गोल शून्य. शून्य! पण खेळवत राहिले त्याला, पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला. तू दोन मॅच गोल नाही मारलास की माझ्याकडे बूट बदलू का म्हणून विचारायला येतोस.

मोठ्या क्लबच्या बाजूने पण बोलतो, नाहीतर म्हणशील सर एकतर्फी सांगतात. फिजिओ असतो, जिम असतं, जेवण मोजून मिळतं, जीपीएस जॅकेट घालून किती पळलास ते कळतं. हे खरंच मोठं आहे आणि गोव्यातल्या त्या क्लबात यातलं अर्धं पण नसेल. तू आत्ता सतरा वर्षांचा असतास तर मी तिकडेच पाठवला असता. पण तू एकोणीस पूर्ण केलेस, तुला आता मॅच पाहिजेत. आणि बांद्यावरून पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवाच, भाषा कळते, जेवणात मासे आहेत, आजारी पडलास तर घरचं माणूस दोन तासांत पोचेल. पहिल्या वर्षी घरापासून लांब गेलेली किती पोरं निव्वळ जेवण आणि एकटेपणामुळे परत आलेली बघितलीयेत मी, खेळ चांगला होता त्यांचा.

आता खेळाबद्दल. तू वेंगुर्ल्याच्या वाळूवर आणि तांबड्या मातीच्या ग्राउंडवर शिकलास, त्याचे फायदे पण आहेत आणि घाण सवयी पण. फायदा हा की तुझ्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्यात आणि हवेतला बॉल तू जमिनीवर पडू देत नाहीस, कारण वाळूत पडला की तो मेलाच. सवय ही की तुझा पहिला टच लांब जातो. खडबडीत ग्राउंडवर बॉल कुठेही उडतो म्हणून तू तो पायापासून जरा पुढे ढकलून मग धावतोस, आपल्याकडे ते चालून जातं. म्हापशाच्या दुलेर स्टेडियमला आर्टिफिशियल टर्फ आहे, पाणी मारलं की बॉल सुसाट जातो, तिथे तेवढ्यात डिफेंडर तुझ्या पुढे येऊन उभा राहील. पहिला महिना रोज ट्रेनिंगनंतर भिंतीवर बॉल मारून नुसता टच कर, दोन्ही पायांनी, बाकीचे शॉट मारत बसतील त्यांच्याकडे बघू नकोस.

दुसरं, बॉल नसताना तू उभा राहतोस. हे मी तुला इथे शंभरदा ओरडून सांगितलंय, आता लिहून देतो. नव्वद मिनिटांत स्ट्रायकरकडे बॉल मोजून एक-दोन मिनिटं असतो, बाकी वेळ तू काय करतोस त्यावर ते एक-दोन मिनिटं कशी जातील ते ठरतं. स्टॉपरच्या खांद्यामागे राहा, त्याला एकाचवेळी तू आणि बॉल दिसता कामा नयेस. तो बॉलकडे बघायला मान वळवतो ना, तेव्हा निघायचं, बॉल निघाल्यावर नाही. आधी लांबच्या पोस्टकडे दोन पावलं टाक, तो तुझ्याबरोबर हलला की जवळच्या पोस्टला कट मार. दहातले आठ वेळा पास येणारच नाही. विंगर वर बघणार नाही, किंवा बघून स्वतःच मारेल, आणि तू हात वर करून त्याच्यावर चिडशील, चिडू नकोस, कॅमेऱ्यात वाईट दिसतं आणि पुढच्या वेळी तो मुद्दाम देणार नाही. परत धाव. मॅच संपल्यावर गोल किती झाले ते सगळा गाव मोजतोच, तू धावा मोज. बॉक्समध्ये किती वेळा योग्य वेळी पोचलास, वहीत लिही, मोबाईलमध्ये नको, मोबाईल उघडलास की कमेंट वाचत बसशील. पोचण्याचा आकडा नीट असेल आणि गोल होत नसतील तर गप्प खेळत राहा. तो आकडाच घसरला तर मात्र काहीतरी बिघडलंय, झोप, पाय, मन, काहीतरी, तेव्हा मला फोन कर.

हॅमस्ट्रिंगचं, म्हणजे मांडीमागच्या स्नायूचं पण इथेच सांगतो. स्पीडवाल्या पोरांचं करिअर तिथेच अडकतं. नॉर्डिक एक्सरसाइज, गुडघ्यावर बसून पार्टनरने टाचा धरायच्या आणि हळूहळू पुढे झुकत जायचं, ती आठवड्यातून दोनदा केलीच पाहिजे, टीम करो न करो. हॅमस्ट्रिंगच्या दुखापती त्याने जवळपास निम्म्यावर येतात असं अभ्यासात दिसलंय. कंटाळवाणी आहे, पहिले दोन आठवडे चालता येत नाही, तरी कर.

आता कागद. पप्पांना सांग, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं 'ऑफर लेटर' म्हणजे करार नव्हे. करार पूर्ण वाचायचा, सही केलेली एक कॉपी आपल्याकडे ठेवायची, आणि फुटबॉल फेडरेशनच्या ऑनलाइन सिस्टीमवर, त्याला सीआरएस म्हणतात, त्यावर रजिस्ट्रेशन झालं का आणि तिथे कराराची तारीख काय टाकलीये ते बघायचं. दुखापत झाली, ऑपरेशन लागलं तर खर्च कोणाचा आणि तेव्हा पगार चालू राहणार का, हे वाक्य त्यात असलंच पाहिजे. 'क्लबच्या मर्जीने एक वर्ष वाढवता येईल' असं काही दिसलं तर पेन खाली ठेव. आणि फिफाचा एक नियम लक्षात ठेव, दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडू लेखी नोटीस देऊन 15 दिवसांची मुदत देऊ शकतो आणि तरीही पैसे आले नाहीत तर करार मोडून बाहेर पडू शकतो. लेखी म्हणजे लेखी, मॅनेजरला कँटीनमध्ये सांगितलं ते धरत नाहीत. तो जो एजंट म्हणवणारा तुझ्या मामाला भेटला होता त्याला सरळ विचार, फिफाचं लायसन्स आहे का, नंबर दे. पुढे काय होतं ते मजेशीर असेल, मला कळव.

क्लब मोठा म्हणजे पक्का, असं तुझे पप्पा म्हणतायत. त्यांना मुंबईच्या महिंद्रा युनायटेड क्लबचं सांग, त्यांच्या वयाच्या माणसाला आठवेल. 2005-06 मध्ये नॅशनल लीग जिंकली आणि 2010 ला टीमच बंद. मी तेव्हा ऑफिसच्या टीमकडून मुंबईच्या कूपरेज ग्राउंडला खेळून रिकामा झालो होतो, माझ्याहून दहापट चांगली पोरं रातोरात दुसरा क्लब शोधताना बघितली. आणि 2025 चं तर तुझ्या डोळ्यासमोरचं आहे, फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला, नवा काही होईना, जुलैत अख्खा सीझन लटकवून ठेवला आणि काही क्लबांनी पगारच थांबवले. म्हणून बीए पूर्ण कर, डिस्टन्सने का होईना. आणि सगळी सर्टिफिकेटं एका फाईलमध्ये, प्लास्टिकमध्ये, आपल्याकडच्या दमट हवेत कागदाचं काय होतं माहितीये. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण कुठल्या लेव्हलची स्पर्धा आणि कुठला नंबर धरतात त्याच्या अटी आहेत, ऐनवेळी कागद शोधत बसू नकोस.

औषधाचं विसरणारच होतो. खोकला झाला की मेडिकलमधून कुठलंही सिरप आणून प्यायचं नाही, आपल्या घरात ती वाईट सवय आहे. पृथ्वी शॉला 2019 मध्ये टर्ब्युटलीन या खेळाडूंना मनाई असलेल्या औषधामुळे आठ महिने बंदी आली, ते कफ सिरपमध्ये सर्रास असतं. तो तर क्रिकेटचा एवढा मोठा खेळाडू, मागे बोर्ड होतं. तुझ्यामागे मी आणि तुझी आई. टीमच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी नाही, जिमवाल्या मित्राचा पावडरचा डबा तर अजिबातच नाही.

आणि आता अवघड विषय. मे महिन्यात गावच्या टूर्नामेंट असतात आणि तू करारात आलास की त्या बंद. वाडीतले लोक घरी येऊन बसतील, 'फक्त फायनल खेळ रे, गावाच्या इज्जतीचो प्रश्न आसा', वर दोन-तीन हजार पण देतो म्हणतील. त्या ग्राउंडवर कातळ वर आलेला आहे, गुडघा गेला तर त्यातला एकही माणूस तुला मुंबईला एमआरआयला नेणार नाही. तुला नाही म्हणणं जमत नाही हे मला माहितीये, तर माझं नाव सांग, सरांनी करारात लिहून घेतलंय म्हण. मला शिव्या देऊ देत, सवय आहे.

चतुर्थीचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. सीझनची तयारी नेमकी त्याच दिवसांत असते, ड्युरँड कपला टीम गेली तर तेही तेव्हाच, मुंबईचे चाकरमानी डब्यात लटकून घरी येतील आणि तू तासा-दोन तासांच्या अंतरावर असून ग्राउंडवर असशील. आईला हे आत्ताच सांग, करार झाल्यावर नको. तिला वाईट वाटेलच. मॅनेजरकडे एक दिवसाची सुट्टी माग, आरतीपुरतं येऊन जा म्हणेल तर ये, नाही म्हणाला तर हुज्जत घालू नकोस, पहिल्याच वर्षी सुट्टीवरून भांडणारा पोरगा कोणाला आवडत नाही.

शहरवाल्या क्लबला नाही म्हणताना उर्मटपणा नको. फोन करून थँक्यू म्हण, या वर्षी मॅच पाहिजेत म्हणून जातोय, पुढच्या वर्षी तुमच्या स्काऊटने येऊन बघावं असं सांग. ते लोक फोन नंबर जपून ठेवतात.

गोव्याच्या कराराची सगळी पानं मला फोटो काढून पाठव, मागची बाजू कोरी असली तरी पाठव. माझ्या ओळखीचे एक वकील कुडाळला बसतात, बुधवारी मी तिकडे जाणारच आहे. तोवर सही नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

तुझा,
सर