शेततळ्यावर पसरलेले डकवीड कोंबड्यांना आणि माशांना खाऊ घालता येते का?

होय, स्वच्छ पाण्यावर वाढलेले डकवीड कोंबड्यांना, बदकांना आणि गवत्या माशांना पूरक खाद्य म्हणून देता येते. तीन-चार मिलिमीटरची हिरवी चकती आणि तिच्याखाली लोंबणारे केसासारखे एकच मूळ, अशी ही लेम्ना वनस्पती पाण्यातील नत्र व स्फुरद शोषून अनुकूल हवामानात दोन-तीन दिवसांत दुप्पट होते, आणि पोषक पाण्यात तिच्या सुक्या वजनात साधारण २० ते ४० टक्के प्रथिने भरतात. म्हणूनच ती नियमितपणे जाळीने काढत राहावी. तळे पूर्ण झाकले गेले, तर खाली उजेड पोहोचत नाही, प्राणवायू घटतो आणि पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. सांडपाण्यावरचे डकवीड मात्र जनावरांना मुळीच देऊ नये, कारण ते शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू स्वतःत साठवते.