गोळ्या आणून कोण देतं?

वाचकांचे प्रश्न

ताई, स.न.वि.वि.

माझा धाकटा भाऊ ३३ वर्षांचा. चार वर्षांपूर्वी द्राक्षबागेत फवारणीचा ट्रॅक्टर उलटला आणि त्याच्या मणक्याला मार बसला. डॉक्टर ‘डी-१०’ म्हणतात, म्हणजे पाठीचा दहावा मणका. कंबरेखाली हात लावलेला कळत नाही, पण पायांची आग होते, करंट लागल्यासारखं होतं असं तो सांगतो. ऑपरेशननंतर दुखण्यावर ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलच्या गोळ्या दिल्या होत्या, दिवसाला दोन. आता बारा-पंधरा खातो, वर रात्री झोपेची अल्प्राझोलाम. पाय आखडतात म्हणून बॅक्लोफेन चालूच आहे. दिवसभर गुंगीत असतो. पाच-पाच दिवस शौचाला होत नाही, माकडहाडापाशी बेडसोअर झालाय. मागच्या महिन्यात त्याने एकदम डोळे फिरवले, हात झटकायला लागला. एका व्यसनमुक्ती केंद्राला फोन केला, तर म्हणाले, “गाडी पाठवतो, सगळ्या गोळ्या एकदम बंद करतो.” आई म्हणते, “राहू दे गं, त्याला दुसरं सुख काय उरलंय?” मी काय करू?

– एक बहीण, तासगाव तालुका

तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे, गाडी बोलावू नका आणि त्याला आधी मोठ्या दवाखान्यात दाखवा. इथे सविस्तर लिहिते ते अशाच दुसऱ्या घरांसाठी.

‘सगळ्या गोळ्या बंद’ म्हणजे बॅक्लोफेनही बंद. ती अचानक तोडली तर पाय पूर्वीपेक्षा जास्त आखडतात, ताप चढतो, भास होतात, झटके येतात. माणूस दगावूही शकतो. अल्प्राझोलाम एकदम सोडली तरी झटके येतात. या गोळ्या कमी करायच्या त्या डॉक्टरच्या नजरेखाली, एक-एक पायरी उतरत.

आता ट्रॅमाडॉलच्या गोळ्यांचं पाकीट हातात घ्या. बहुतेक अशा गोळीत ट्रॅमाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतं. पंधरा गोळ्यांचं ट्रॅमाडॉल होतं साडेपाचशेच्या वर, आणि दिवसाची मर्यादा आहे ४००. मागच्या महिन्यातला तो झटका यातूनच आला असण्याची दाट शक्यता आहे. पॅरासिटामॉल होतं ४८७५. चार हजारांच्या पुढे यकृताला धोका, तेव्हा यकृताची रक्ततपासणी मागून घ्या. शौचाला न होणंही याच गोळ्यांमुळे वाढतं, त्याचं आतडं तर मुळातच मंदावलेलं. आणि ट्रॅमाडॉलवर अल्प्राझोलाम घेतली की झोपेत श्वास मंद होतो. कधी हाका मारून उठला नाही, ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट न पाहता १०८.

बेडसोअरचंही तेच. शुद्धीत असलेला माणूस दर थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन बूड उचलतो. गुंगीतला उचलत नाही. मलम कितीही लावा, गुंगी असेपर्यंत ती जखम भरायची नाही.

मी सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते. मणक्याच्या वॉर्डात भेटायला येणारे मित्र फळं आणत नसत, गोळ्यांचं पाकीट आणत. प्रेमानेच आणत. तुमचा भाऊ स्वतः मेडिकलपर्यंत जाऊ शकत नाही, मग दिवसाला पंधरा गोळ्या घरात येतात कशा? तुमच्या पत्रात एवढं एकच सांगितलेलं नाही. मित्र आणतात, आई पैसे देते, की तुम्हीच? रागवायला विचारत नाही. एरवी माणूस नशा आणायला स्वतः जातो. इथे दुसऱ्या कुणाच्या तरी हातांशिवाय ते जमतच नाही. त्या हातांना उपचारात घेतलं नाही तर डॉक्टर एकटा काही करू शकणार नाही. मेडिकलवाल्यालाही विचारा. ट्रॅमाडॉल २०१८पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही. ऐकला नाही तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या. पण भावाचे उपचार सुरू झाल्यावर, आधी नको, नाहीतर गोळ्या एका दिवसात तुटतील.

आईंचं वाक्य मला जास्त टोचलं. त्यात माया आहे, पण हा मुलगा आता संपला असाही हिशेब आहे. त्याच्या पायांची आग खरी आहे, नाटक नाही. दुखावलेल्या नसांचं ते दुखणं, त्यावर साधी वेदनाशामकं फारशी चालत नाहीत. प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिनसारखी वेगळी औषधं असतात. त्यांचाही गैरवापर होतो, ट्रॅमाडॉलवर ती चढवली तर धोकाही वाढतो, म्हणून ती डॉक्टरांनीच ठरवायची. दुखणं अचानक वाढलं तर आधी लघवीत जंतुसंसर्ग, खडा, लघवीच्या नळीला अडथळा किंवा चिघळलेली जखम आहे का ते तपासून घ्या. मणक्याच्या रुग्णाचं शरीर तक्रार करतं ती कधी अशीच, आग आणि आखडणं वाढवून.

मिरज-सांगलीच्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे, तिथून सुरुवात करा. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. पुढे केंद्रात ठेवायची वेळ आली तर आधी जाऊन संडासाच्या दाराची रुंदी मोजा. रात्री दर दोन तासांनी कूस कोण बदलेल? नळी कोण बघेल? हे विचारल्यावर जे केंद्र गडबडतं ते तुमच्यासाठी नाही. बांधून ठेवू म्हणणाऱ्यांना सांगा, २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा व्यसनाच्या रुग्णालाही लागू आहे आणि त्यात साखळीने बांधायला सक्त मनाई आहे. १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर भाऊ स्वतः बोलू शकतो.

स्वतः यासाठी म्हणते, की केंद्राशी तुम्ही बोललात, मत आईंनी दिलं, पत्रही तुमचंच. ३३ वर्षांच्या, बाग सांभाळलेल्या माणसाला कुणी विचारलंय का? सकाळी गुंगी कमी असेल तेव्हा माझं हे उत्तर त्याच्या हातात द्या.

*

पुतण्या जन्मतः कर्णबधिर, वय २४, गांजाचं व्यसन. केंद्रात गटचर्चेला बसवतात, तो नुसता भिंतीकडे बघतो. त्याच्या आईला दुभाषी म्हणून नेऊ का?

– काका, बार्शी

आईला नको. आईसमोर कोण खरं सांगेल? तो ज्या कर्णबधिर शाळेत शिकला तिथले शिक्षक खुणांची भाषा जाणत असतील, त्यांना गाठा. दुभाषी येऊ शकत नसेल तर व्हिडिओ कॉलवर बसवा, आणि ऐकलेलं बाहेर सांगणार नाही हे पुतण्यासमोर दुभाष्याकडून कबूल करून घ्या. लिहून दाखवू म्हणाल, तर लिहिलेली मराठी त्याला कितपत समजते ते आधी पाहा. गटचर्चेत त्याला नुसतं बसवून ठेवण्यापेक्षा दुभाष्यासह एकट्याचं समुपदेशन मागा.