१०० एमबीपीएस घेऊनही नेट अडकतं, मग वडिलांचं २५६ केबीपीएसमध्ये कसं भागायचं?

तुमचा प्रश्न असा: जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याजवळच्या गावात धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर, १०० एमबीपीएसचं फायबर, तरी मागच्या खोलीत व्हिडिओ अडकतो, आणि वडील म्हणतात, पूर्वी २५६ केबीपीएसमध्ये, म्हणजे जेमतेम पाव एमबीपीएसमध्ये, सगळं व्हायचं.

वडील खरं सांगतात, फक्त तेव्हाचं ‘सगळं’ छोटं होतं. १९९५ साली विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने इंटरनेट सर्वांना खुलं केलं. पुढे फोनच्या तारेवरून नेट देणारे डायल-अप मॉडेम कागदावर ५६ केबीपीएसपर्यंत पोचले. हातात सेकंदाला चार-पाच किलोबाइट पडायचे, म्हणजे ५ एमबीच्या एका गाण्याला सतरा ते एकवीस मिनिटं. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं गेलं. त्यावर ७०० एमबीचा सिनेमा उतरायला सहा तास लागायचे, म्हणून लोक रात्री लावून झोपायचे. उशीर गृहीतच धरलेला होता. २०१६ नंतर स्वस्त फोरजी आलं आणि थांबायची सवयच गेली. आज व्हिडिओ कॉल अर्धा सेकंद गोठला तरी तो बिघाड वाटतो, आणि तसं वाटणं योग्यच आहे.

पण स्पष्ट फुलएचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस पुरतात. त्यामुळे तुमची अडचण प्लॅनमध्ये नसावी. २०० एमबीपीएसचा प्लॅन घेण्याआधी तपासा.

लॅपटॉप राउटरला केबलने जोडा, वायफाय बंद करा, स्पीड टेस्ट लावा. नव्वदच्या आसपास आले तर लाइन ठीक आहे. डाउनलोडच्या खिडकीत १२ एमबी दिसले म्हणून घाबरू नका. तिथे बाइट असतात, प्लॅन बिटमध्ये असतो. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून प्लॅनचा आकडा आठाने भागायचा.

केबलवरही कमी येत असेल तर फायबरच्या डब्याच्या सेटिंगमध्ये ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम चांगलं. उणे २७ च्या खाली गेलं की लाइन तुटक चालते. बहुतेक वेळा कारण साधं असतं: खिळा ठोकून किंवा दाराच्या फटीतून फायबर घट्ट वाकवलेली असते. लाल एलओएस दिवा (सिग्नल तुटल्याची खूण) लागला असेल तर राउटर बंद-चालू करून काही होत नाही, लाइनमनलाच बोलवा.

केबलवर नीट आणि मागच्या खोलीत रडतंय, तर दोष भिंतीचा. धाब्याच्या घराच्या दीड-दोन फुटी मातीच्या भिंतीतून वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा जवळपास जातच नाही. मागच्या खोलीत फोन २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ठेवा. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी शेजाऱ्यांची गर्दी कमी असलेलं निवडा, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. तीस-चाळीस एमबीपीएस मिळाले तरी भरपूर. भिंतीपलीकडे बिनतारी रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा) घेऊ नका. त्याला मिळणारा सिग्नलच मेलेला असतो आणि वेग साधारण निम्मा होतो. कॅट-६ ही नेटवर्कची केबल ओढून तिकडे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय देण्यापुरता, लावा, आणि त्याचा डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना नेटवर्कचे पत्ते वाटणारी सोय) आठवणीने बंद करा, नाहीतर दोन्ही राउटर वेगवेगळे पत्ते वाटतील आणि नेट कधी चालेल, कधी नाही.

संध्याकाळी सगळं ठीक आणि दुपारीच अडकतं का, हेही बघा; तसं असेल तर राउटर तापत असावा. घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४४-४५ असतं. पत्र्याखाली किंवा बंद कपाटात ठेवला असेल तर खाली, मातीच्या भिंतीजवळ, हवा लागेल असा आणा.