गुन्हा ठरायला नुसतं कृत्य पुरेसं असतं का? आणि नुसता विचार?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एखाद्याच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं, एवढ्यावर तो गुन्हेगार ठरतो का? आणि कुणी मनात खुनाचा बेत आखला पण केलं काहीच नाही, तर? दोन्हींचं उत्तर साधारणपणे ‘नाही’ असं आहे. गुन्हा ठरायला बाहेर घडलेलं कृत्य लागतं, आणि ते करताना मनाची एक ठरावीक अवस्था लागते. पहिल्याला ॲक्टस रिअस म्हणतात, दुसऱ्याला मेन्स रिआ. मी फौजदारी कायदा शिकवतो. ही दोन नावं विद्यार्थी पहिल्या तासालाच पाठ करून टाकतात. अडतात ते पुढच्या गोष्टीपाशी: कृत्य आणि मन यांची एकाच वेळी गाठ पडावी लागते. मला विचाराल तर या विषयाचा गाभा तिथे आहे, म्हणून तिथे जरा जास्त थांबणार आहे.

आधी कृत्य. कायद्याच्या लेखी कृत्य म्हणजे स्वतःच्या ताब्यातली हालचाल. फीट आली, हात उडाला आणि शेजारच्याच्या डोळ्याला लागला, तर तो हात त्याचा असला तरी ते कृत्य त्याचं नाही. चालत्या गाडीत मधमाश्यांचा थवा घुसला आणि चालकाचा ताबा सुटला, हे १९५८ च्या हिल विरुद्ध बॅक्स्टर या इंग्लिश खटल्यात चर्चिलेलं उदाहरण अजून वर्गावर्गांतून सांगितलं जातं. अर्थात, आपल्याला वरचेवर फिट्स येतात हे माहीत असूनही जो गाडी काढतो, त्याला ही सबब मिळत नाही. त्याचं कृत्य फीट येण्याच्या आधीच, किल्ली फिरवताना सुरू झालेलं असतं.

काही न करणं हेही कृत्य ठरू शकतं, पण काहीतरी करण्याचं कायदेशीर कर्तव्य असेल तरच. आईबापांचं मुलाबाबत असतं, जीवरक्षकाचं पोहणाऱ्यांबाबत असतं. आणि ज्याने स्वतः धोका निर्माण केला त्याचंही असतं. मिलर नावाचा एक माणूस पेटती सिगारेट हातात असतानाच गादीवर झोपी गेला. जाग आली तेव्हा गादी धुमसत होती. त्याने ना पाणी ओतलं, ना कुणाला बोलावलं. उठून शेजारच्या खोलीत जाऊन झोपला. घर पेटलं. गादीला आग लागली तेव्हा तो झोपेत होता, म्हणजे तोवर गुन्हा नव्हता. पण डोळ्यांनी पाहून पाठ फिरवली, तिथे तो अडकला. १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने, त्याची शिक्षा कायम केली.

आता मन. इथे एकच एक ‘वाईट मन’ नसतं, पायऱ्या असतात. मारायचंच होतं, हा उद्देश. मारायचं नव्हतं पण यातून माणूस मरेल हे ठाऊक होतं, ही जाणीव. मरू शकतो हे कळत होतं आणि तरी पर्वा केली नाही, हा बेदरकारपणा. आणि कळायला हवं होतं पण लक्षच दिलं नाही, ही हयगय. मृत्यू चारही ठिकाणी तोच. गुन्हा मात्र वेगळा आणि शिक्षाही वेगळी. लोकांची खरी गल्लत होते ती ‘काय करायचं होतं’ आणि ‘का करायचं होतं’ यांत. वेदना पाहवत नाहीत म्हणून कुणी आजारी माणसाचा जीव घेतला, तर कारण करुणेचं आहे, पण उद्देश जीव घेण्याचाच आहे. बहुतेक ठिकाणी कारणाचा विचार शिक्षा ठरवताना होतो, दोष ठरवताना नाही.

मनात काय होतं हे कोर्टाला कसं कळणार, हा प्रश्न वर्गात नेहमी येतो. मनात डोकावता येत नाहीच. शस्त्र कोणतं होतं, वार शरीरावर कुठे झाला, किती वेळा झाला, आधी काय बोलणं झालं आणि नंतर आरोपी काय करत होता, यावरून अनुमान काढतात.

आता त्या गाठीकडे येऊ. विमानतळाच्या पट्ट्यावर दोन अगदी सारख्या काळ्या बॅगा आल्या आहेत. तुम्ही आपली समजून दुसऱ्याची उचलली. बॅग हलली, मालकाची परवानगी नव्हती, बाहेरून पाहिलं तर चोरीच. पण मनात अप्रामाणिकपणा नव्हता, म्हणून चोरी नाही. घरी येऊन उघडली, आत दुसऱ्याचे कपडे आणि एक महागडा कॅमेरा. आता मनात आलं, ठेवून घेऊ. मन आत्ता बिघडलं, पण उचलणं तर केव्हाच होऊन गेलं होतं. नंतर बिघडलेलं मन मागे जाऊन त्या उचलण्याला चिकटत नाही. म्हणूनच भारतीय कायद्यात अशा प्रसंगासाठी अप्रामाणिकपणे अपहार करण्याचा वेगळा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत तो कलम ३१४ मध्ये येतो. त्यात पाहिलं जातं ते ठेवून घेणं, आणि त्या क्षणाचं मन.

न्यायालयांनाही ही गाठ शोधताना कसरत करावी लागली आहे. फेगन नावाच्या चालकाची गाडी पार्क करताना लंडनमधल्या पोलिसाच्या पायावर चढली, बहुधा चुकून. पोलिसाने गाडी मागे घे म्हटलं, तर याने इंजिन बंद करून तिला तशीच उभी ठेवली. चढवताना उद्देश नव्हता. उद्देश आला तेव्हा नवी हालचाल नव्हती. १९६८ मध्ये न्यायालयाने बहुमताने म्हटलं की पायावर गाडी ठेवून राहणं हे चालूच असलेलं एक कृत्य आहे आणि उद्देश त्यात मध्येच येऊन मिळाला. एका न्यायमूर्तींना हे पटलं नाही, आणि त्यांचा आक्षेप हलका नव्हता: गाडी नुसती उभी आहे, मग आरोपी नेमकं करतोय काय?

याहून अवघड दोन खटले शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. मद्रास उच्च न्यायालयाच्या १९१९ च्या पलनी गौंडन खटल्यात नवऱ्याने बायकोच्या डोक्यात नांगराच्या फाळाने घाव घातला. ती बेशुद्ध पडली. मेली असं समजून, आत्महत्या वाटावी म्हणून त्याने तिला दोरीने टांगलं, आणि ती मेली त्या फासाने. घाव घालताना मारून टाकण्याचा उद्देश सिद्ध झाला नाही आणि टांगताना त्याच्या समजुतीने ते प्रेत होतं. खून नाही, शिक्षा जबर दुखापतीची. थाबो मेली खटल्यात, १९५४ साली, आरोपींनी आधीच बेत आखून एकाला झोपडीत नेलं, डोक्यात घाव घातले आणि मेला समजून कड्यावरून लोटलं. तो प्रत्यक्षात मेला उघड्यावर पडून राहिल्याने. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश वसाहतींमधल्या अपिलांच्या लंडनमधल्या शेवटच्या न्यायालयाने, खुनाची शिक्षा कायम केली: सगळं एकाच बेतातलं, त्याचे तुकडे करता येणार नाहीत. फरक सुरुवातीच्या मनाचा आहे. थाबो मेली खटल्यात मारायचं ठरलेलं होतं, पलनी गौंडन खटल्यात तसं सिद्ध झालं नव्हतं. मला दोन्ही निकाल कायद्याने बरोबर वाटतात, तरी पहिला वाचताना त्या बाईसाठी जीव तुटतो.

काही गुन्ह्यांत मनाची अट गाळलेली असते. भेसळ, वाहतूक, सीमाशुल्क असे बरेचसे नियमनाचे कायदे यात येतात. मेयर हान्स जॉर्ज हा जर्मन प्रवासी १९६२ मध्ये ३४ किलो सोनं घेऊन झुरिचहून मनिलाला निघाला होता. विमान मुंबईत थांबलं. तसं सोनं जाहीर करण्याची सक्ती करणारी अधिसूचना काही दिवसांपूर्वीच राजपत्रात आली होती. त्याला पत्ता नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दोषी ठरवलं. न्या. सुब्बा राव यांचं मत वेगळं होतं, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. तुरुंगवास होऊ शकतो तिथे मनाचा विचार सोडणं मला धोक्याचं वाटतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नुसत्या विचाराला शिक्षा नाही, आणि बहुतेक गुन्ह्यांत नुसत्या तयारीलाही नाही. दोघांनी मिळून बेत ठरवला तर मात्र कट होतो. आणि बेताच्या दिशेने प्रत्यक्ष पाऊल टाकलं की प्रयत्न. इंग्लंडमधल्या व्हाइट नावाच्या मुलाने आईच्या पेयात सायनाइड घातलं. आई मेलेली सापडली, पेला जवळपास भरलेला. तपासणीत निघालं की मृत्यू विषाने नव्हे, हृदयविकाराने. विषाचा आणि मृत्यूचा कार्यकारणसंबंधच नव्हता, म्हणून खून नाही. पण पेल्यात विष घालणं हे कृत्य घडलं होतं आणि त्या क्षणी उद्देशही होता, म्हणून १९१० मध्ये तो खुनाच्या प्रयत्नासाठी दोषी ठरला.